मालकांच्या गच्चीवरचा समुद्र

बोलघेवड्या माणसाने मत्सर करावा तो आपल्याहून बरं बोलणाऱ्याचा. मी मात्र आयुष्यातला माझा सगळ्यात कसदार, अगदी तब्येतीत केलेला मत्सर खर्च केला तो एका खरखरणाऱ्या खोक्यावर आणि त्या खोक्याच्या मालकावर. खोक्याचा मालक आणि आमचा घरमालक एकच. सगळी गल्ली त्यांना मालक म्हणायची, मीही तेच म्हणतो.

कसबा बावड्यात, साखर कारखान्याच्या अलीकडे त्यांचं घर. मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाडेकरू. मी मूळचा इचलकरंजीचा. इथे येऊन राहिलो, माझी मुलगी इथेच लहानाची मोठी झाली, तरी मालकांच्या लेखी मी शेवटपर्यंत 'पावणं'च राहिलो. घरापुढे त्यांचा दूध कट्टा होता. संध्याकाळी म्हशी दारात आणून बांधायच्या, गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाने भरलेला कोमट ग्लास तसाच त्याच्या हातात द्यायचा. लोकांनी उभ्याउभ्या प्यावं, मिशा पुसाव्यात आणि चालू लागावं, असा हा धंदा. पण आमच्या कट्ट्यावरून लोक हलत नसत. का? तर मी होतो म्हणून.

यात खोटी नम्रता कशाला? कचेरीतून आलो की हातपाय धुऊन मी कट्ट्यावर बसायचो आणि सांगायला लागायचो. साहेबाची फजिती, लग्नातलं रुसणं, जोतिबाच्या डोंगरावर हरवलेला जावई, काहीही. एसटीतून रिटायर झालेले एक कंडक्टर आणि कोपऱ्यावरचे टेलर हे माझे पहिल्या रांगेतले श्रोते. हसता हसता लोकांच्या नाकातून दूध आलेलं मी पाहिलं आहे. माझा आवाज कानावर पडला की कडेची म्हैस लवकर पान्हा सोडते, असं खुद्द मालक म्हणायचे. माणसाला आणखी काय हवं असतं?

आणि मग मालक भाचीच्या लग्नाला मालवणला गेले.

लग्न राहिलं बाजूला. वऱ्हाडातल्या कुणीतरी त्यांना एका मच्छीमारी बोटीवर नेलं आणि तिथे त्यांनी तो सेट पाहिला. गाण्यांचा-बातम्यांचा रेडिओ नव्हे. एका बोटीवरून दुसऱ्या बोटीशी बोलायचा. व्हीएचएफ म्हणतात त्याला. कुणी कुणाला तरी विचारत होतं, आज कालवण कशाचं, आणि नजरेला न दिसणाऱ्या बोटीवरून उत्तर आलं. एवढंच घडलं. पण मालक परत आले ते खुळे होऊनच.

"पावणं," मला म्हणाले, "चारी बाजूला पानी. मानूस दिसत न्हाय. आन कालवण इचारत्यात की हो!"

मी कट्ट्यावर त्याची झकास नक्कल केली, हशा घेतला. आपण आपल्याच वैऱ्याची जाहिरात करतोय हे तेव्हा कुठे ठाऊक होतं?

मोडीत निघालेल्या बोटीवरचा एक सेट त्यांनी तिकडून मागवला. विकणारा इमानी होता. त्याने सांगितलं, यावर बोलायला सरकारी परवाना लागतो. आणि दुसरं, याचा आवाज सरळ जातो, मध्ये डोंगर आला की संपलं. परवान्याचं मालकांनी लगेच मनावर घेतलं. बोलायचा माईक सोडवून त्यांनी तो आपल्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या हवाली केला आणि काकींनी तांदळाच्या डब्यात पुरला. डोंगराचं मात्र त्यांनी अजिबात मनावर घेतलं नाही. समुद्र आणि कोल्हापूर यांच्यामध्ये अख्खा सह्याद्री आडवा आहे, हे मी त्यांना पाठकोऱ्या कागदावर नकाशा काढून दाखवलं.

"असू दे की," मालक म्हणाले. "डोंगराला खिंड असतीच."

आता अशा माणसाशी बोलणार काय?

सेटला बारा व्होल्टची बॅटरी लागते. मालकांनी ट्रॅक्टरची काढली. ट्रॅक्टर ऐन मशागतीत गोठ्यापुढे बसून राहिला. अँटेना म्हणजे एक पांढरी, माणसाहून उंच काठी. ती पाण्याच्या टाकीला आवळलेल्या लोखंडी पाइपावर चढली आणि गल्लीतली सगळ्यात उंच वस्तू झाली. तिथून खाली वायर आणली ती घरात पडून असलेली केबल टीव्हीची. ती चालत नाही, याला वेगळी जाड वायर लागते, हे कळेपर्यंत एक पावसाळा उलटला. मग वायर बदलली, सांध्यात पाणी जाऊ नये म्हणून सायकलच्या ट्यूबचा तुकडा ओढून बसवला, सेटपुढे नारळ फोडला, पेढे वाटले आणि मालकांनी सोळा नंबर लावला. सोळा नंबर म्हणजे समुद्रावरची चावडी. हाक मारायची ती तिथे, आणि सगळ्यांचे कानही तिथेच.

काय ऐकू आलं? खर्रर्र.

दुसऱ्या दिवशी? खर्रर्र. पुढच्या महिन्यात? तेच, फक्त जरा जास्त उन्हात.

ही खरखर दाबायचं एक बटण असतं. ते फिरवलं की कुणी बोललं तरच आवाज येतो, एरवी सेट गप्प. मालक त्या बटणाला कुणाला हात लावू देत नसत. "दाबलं आन लांबनं कुनी बारीक आवाजात बोललं तर? त्यो बिचारा बोलतोय, आन आपुन झाकण लावून बसलोय. बरं दिसतंय व्हय?"

बोटीवाल्यांच्या रीती त्यांनी माहीत करून घेतल्या आणि बोटी नसल्यामुळे त्या आमच्यावर चालवल्या. समोरच्याला तीनदा हाक मारायची, मग आपण कुठून बोलतोय ते सांगायचं, मग काम, आणि शेवटी 'ओव्हर', म्हणजे आता तू बोल. रोज संध्याकाळी गच्चीवरून आवाज यायचा, "अगं ए, अगं ए, अगं ए! गच्चीवरनं बोलतोय. च्या पायजे. ओव्हर!"

खालून काकी, "गच्चीवरच ऱ्हावा. ओव्हर!"

भाजीवालीला, "दोन जुड्या मेथी. ओव्हर." एका मयताला गेले, तिथे विधुराच्या पाठीवर हात ठेवून, "लई वाईट झालं. ओव्हर." आणि मी कट्ट्यावर रंगात आलो की गच्चीच्या कठड्यावरून डोकं बाहेर काढून विचारायचे, "पावणं, तुमचं ओव्हर कवा हुतंय?" लोक हसायचे. माझ्या गोष्टीला नाही, त्यांच्या त्या वाक्याला. तुम्हीच सांगा, हे सहन कसं करायचं?

आणि मग माझी माणसं फुटायला लागली.

आधी टेलर गेले. जिन्याकडे बघत म्हणाले, "जरा बघून येतो, मालकांना काय लागतंय का." ते आलेच नाहीत. मग कंडक्टर गेले. ते तर माझी गोष्ट अर्ध्यावर असताना गेले, त्या जावयाला डोंगरावर तसाच सोडून. हळूहळू सगळे दुधाचे ग्लास घेऊन वर जायला लागले. मालकांनी एक कर्णा खाली गोठ्यातही सोडला, आणि खरखरीने म्हैस निवांत उभी राहते असं जाहीर केलं. म्हैससुद्धा! मी कट्ट्यावर एकटा बसायचो, ती माझ्याकडे पाठ करून समुद्र ऐकायची. माझी बायको खिडकीतून म्हणाली, "तुमच्यातलं आता कुणी खाली ऱ्हायलंच न्हाय की." मी तिला उत्तर दिलं नाही. मत्सराने माणूस अबोल होतो. माझ्या बाबतीत हा चमत्कारच म्हणायचा.

शिमगा झाल्यावर एका संध्याकाळी माझा संयम संपला. मी उठलो. साधं उठणं मला येत नाही, त्यामुळे रंगमंचावर उठतात तसा उठलो आणि गच्चीवर गेलो. काय दृश्य होतं! पोत्यांवर मांड्या घालून, डोळे मिटून, सगळे त्या खोक्यापुढे बसलेले. कीर्तनाला इतकी शांतता नसते.

"श्श!" टेलर मला म्हणाले. "लाटा ऐकू येत्यात."

"अहो, लाटा कसल्या? खरखर आहे ही! घरी मिक्सर लावा, हीच ऐकू येईल."

"मिक्सरात मालवण हाय का?" कंडक्टर डोळे न उघडता म्हणाले.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी छातीवर हात ठेवला. "मालक! पाडव्याच्या दिवसापर्यंत या खोक्यातून एक जरी बोट बोलली, तर मी दसऱ्यापर्यंत कट्ट्यावर तोंड उघडणार नाही."

मालकांनी विचार केला. "दूध पियाला तरी उघडशीला न्हवं?"

"तेवढंच. आणि नाही बोलली तर?"

मालकांनी पांढऱ्या काठीकडे पाहिलं, मग खाली ट्रॅक्टरकडे पाहिलं. "न्हाय बोलली तर काठी उतरवतो. सेट इकतो. बॅटरी ज्याची त्याला."

"टिकीट फाडलं!" कंडक्टर म्हणाले. "आता परत न्हाय."

त्या दिवसापासून मालक सेटपाशी जेवायचे. मी मात्र आनंदात होतो. सह्याद्री माझ्या बाजूने उभा होता.

पाडवा उजाडला. गुढीसाठी कळक काढायला मालक माळ्यावर चढले, तर काकी म्हणाल्या, "गल्लीत सगळ्यात उंच काठी आपली. देवाधर्माला ती सोडून कळक कशाला?" मालकांना हे इतकं पटलं, की त्यांचे डोळे ओले झाले. पैजेच्या दिवशी गुढी समुद्राच्या काठीवर! त्यांनी स्वतः टाकीवर चढून अँटेनाला जरीचं पातळ नेसवलं, कडुलिंब बांधला, साखरेची गाठी घातली आणि टोकावर पितळी तांब्या पालथा घातला. खाली उभं राहून सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. दोन उन्हाळे ज्या काठीची वायर, सांधा, टेप यांच्यावर जीव टाकला, तिच्या डोक्यावर आपण तांब्या ठेवतोय, हे त्या माणसाच्या मनातही आलं नाही. सणाच्या दिवशी गुढीची काठी ही काठीच असते.

दिवसभर गच्चीवर जत्रा. पुरणपोळ्या खाऊन लोक आले, बसले, पेंगले. सेट तर त्या दिवशी नीट खरखरतही नव्हता, घसा बसल्यासारखा आवाज. उन्हं कलली, धारेची वेळ झाली, म्हशी ओरडायला लागल्या. एकेक जण खाली उतरला. काकी वर आल्या, मालकांनी गुढी उतरवली, तांब्या त्यांच्या हातात दिला. काकींनी गाठीचा एक तुकडा मोडून माझ्या हातावर ठेवला.

मालक जिन्याच्या तोंडाशी थांबले. "जिकलासा, पावणं. वाईच बसा हितं, धार काढून येतो. श्येवटचा दिस हाय. सेटला एकटं नगं."

मी बसलो. गाठी तोंडात टाकली. समोर जोतिबाचा डोंगर तांबडा झालेला, माझी माणसं खाली, उद्यापासून ती माझीच. इतक्यात माझ्या लक्षात आलं, की खरखर बदललीय. तांब्या निघाल्यावर तिचा घसा सुटला होता. आणि त्या खरखरीच्या आतून, विहिरीतून यावा तसा, एक माणूस बोलला.

"साखर आसा काय रे? आमची सोंपली."

मी गाठी चावायची थांबलो.

दुसरा आवाज, आणखी लांबून, "साखर आसा. पावडर नाय."

थोडा वेळ नुसती खरखर. मग पहिला म्हणाला, "मगे ये हय. दोगांचो मिळान एक च्या करूया."

आणि संपलं. कुठे ती बोट, कुठला तो समुद्र! उन्हाळ्यातल्या एखाद्या संध्याकाळी हवा अशी काही बसते, की हे आवाज डोंगरावरून घसरत कुठल्या कुठे येतात, असं पुढे एका जाणकाराने मला सांगितलं. तेव्हा मला काहीच माहीत नव्हतं. एवढंच कळत होतं, की माझ्या तोंडात साखर आहे आणि तिकडे पाण्यावर एक माणूस बिनसाखरेचा बसला आहे.

आता माझी अवस्था बघा. गप्प बसलो, तर काठी उतरणार, सेट विकला जाणार, कट्टा माझा. बोललो, तर दसऱ्यापर्यंत तोंडाला कुलूप. कुणीही शहाणा माणूस गप्प बसेल. पण असली गोष्ट! दोन बोटी, एकीवर साखर नाही, एकीवर पावडर नाही, आणि दोघांत मिळून एक चहा! उभ्या आयुष्यात मी रचली नव्हती अशी गोष्ट आपणहून माझ्या कानात येऊन बसली होती, आणि ती मी पोटात ठेवू? माझं पोट त्यासाठी बनलेलंच नाही. मी जिना कसा उतरलो मला आठवत नाही.

कट्टा भरलेला होता. मी सांगितली. दोन्ही आवाज काढून, मधली ती खरखरसुद्धा जशीच्या तशी. मी थांबलो तशी टेलरनी टाळी वाजवली.

"साहेब, आजची येक लंबर जमली!"

"ह्येच्यापुढं जावयाची फिकी," कंडक्टर म्हणाले. "मालकास्नी बरं वाटावं म्हणून रचलीसा न्हवं? मोठं मन हाय तुमचं."

"अहो, रचली नाही! आत्ता ऐकली, वर!"

सगळे खदाखदा हसले. जितकं शपथेवर सांगावं तितकं जास्त हसले. माझ्याच हाताने तयार केलेले श्रोते ते!

मालक म्हशीच्या पोटाशी बसले होते, बादली गुडघ्यांत. धार थांबली होती. "पुन्यांदा सांगा," ते म्हणाले. मी सांगितली. "पुन्यांदा." मी परत सांगितली. ते माझ्या तोंडाकडे बघत नव्हते, हातांकडे बघत होते. मग उठले.

"खरं हाय."

"काय मालक," टेलर म्हणाले, "गोष्ट हाय ती."

"गोष्ट न्हवं. ह्यो मानूस थापा मारताना हात नाचवतो. म्या वरनं रोज बघतोय. आत्ता हात लोंबत हुतं, बघा, मेल्यागत." आणि मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "दोन उन्हाळं कान लावून बसलो, पावणं. आन बोललं कुनाजवळ? तुमच्याजवळ. धारेला गेलतो तेवढ्यात."

त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ताबडतोब ओळखलं. दाढी करताना आरशात रोज तेच बघत होतो मी. काय सांगू, इतका गोड क्षण माझ्या आयुष्यात दुसरा आला नाही! मालकांना माझा मत्सर वाटत होता!

तो क्षण त्यांनी फार टिकू दिला नाही. "म्हंजी बोट बोलली," ते म्हणाले. "काठी ऱ्हातीय. आन तुमी दसऱ्यापतूर गप."

"पण यांनी विश्वास कुठे ठेवला?"

"म्या ठेवलाय न्हवं? बास."

सबंध कट्ट्यावर माझ्या शब्दावर विश्वास ठेवणारा एकच माणूस निघाला, आणि त्यानेच माझं तोंड बंद केलं.

मी शब्द पाळला. कट्ट्यावर यायचो, दूध प्यायचो, गप्प बसायचो. सेटही गप्प होता. काठीच्या डोक्यावर पुन्हा कधी तांब्या चढला नाही, तरी त्यातून परत कुणी बोललं नाही; मालकांनी स्वतःच्या कानाने बोट कधीच ऐकली नाही. पण कट्ट्याला गोष्ट लागते. ती रिकामी जागा मालकांना बघवेना, म्हणून एक दिवस ते माझ्या जागेवर बसले आणि माझी गोष्ट सांगायला लागले.

आणि किती वाईट सांगायचे! शेवट आधी, मग सुरुवात, मग "थांबा, एक ऱ्हायलंच". मी आतल्या आत जळत होतो. पहिल्या आठवड्यात त्यात वारा सुटला. मग लाटा आल्या. मग बोट कलली. श्रावणात माझा मेव्हणा इचलकरंजीहून आला, मागांचा कारखाना असलेला, कशालाही न भुलणारा माणूस. त्याच्या हातात ग्लास देऊन मालकांनी सुरुवात केली. आता त्यातला नावाडी वादळात उभा राहून, रीतसर तीनदा, "कोल्हापूर, कोल्हापूर, कोल्हापूर!" अशी हाक मारत होता.

"आन मागितलं काय आसंल?" मालकांनी विचारलं.

मेव्हण्याचं तोंड उघडंच. ओठावरचा फेस पुसायचं भान नाही.

"गूळ!" मालक म्हणाले. "साखर नगं म्हणाला. कोल्हापुरी गूळ!"

कट्टा खूश झाला. माझ्या त्या साखरेला, त्या अर्ध्याअर्ध्या चहाला कुणी विश्वासाची एक मान हलवली नव्हती, आणि या गुळावर माणसं लट्टू!

"खरं का, मालक?" मेव्हण्याने विचारलं.

"ह्यास्नी इचारा की. ह्येंच्या म्होरंच झालंय."

सगळे माझ्याकडे वळले. मालकही वळले. बाकीच्यांच्या नजरेत मजा होती, त्यांच्या नजरेत नव्हती. ते माझ्याकडे असे बघत होते, जणू ती बोट खरोखर त्यांना हाक मारून गेली की नाही, हे आत्ता मी ठरवणार होतो.

मी मान डोलावली. चांगली ठसठशीत डोलावली.

"आयला, मालक!" मेव्हणा म्हणाला. त्याने मालकांचे दोन्ही हात हातात घेतले, त्यांच्याजवळ सरकून बसला, आणि मुक्कामी आमच्याकडे आला होता तरी त्या संध्याकाळी माझ्याकडे परत वळूनसुद्धा पाहिलं नाही.